‘आईला काही सांगू नकोस’

बायोप्सीचा अहवाल हातात पडला तेव्हा मुलगा दवाखान्याच्या जिन्यातच थांबला. त्यानं घरी फोन लावला आणि बायकोला पहिलं वाक्य सांगितलं ते हे, ‘आईला काही सांगू नकोस.’ गाठ आईच्या छातीत, सुई टोचली आईला, चार रात्री अहवालाची वाट पाहत जागली तीही आईच. आणि त्या अहवालात काय लिहिलंय हे कळू द्यायचं नव्हतं ते नेमकं तिलाच. डोंबिवलीला दिलेल्या बहिणीलाही कळवायचं नाही असं ठरलं. ती रडेल, आणि मग आईला कळेल!

फलटणचं हे घर. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. पंधरा वर्षांपासून मधुमेह, पण गोळ्या वेळेवर घेणाऱ्या. यजमान गेल्यावर सगळं घर त्यांच्या शब्दावर चाललेलं. डाळ कुठल्या दुकानातून आणायची इथपासून नातीसाठी आलेल्या स्थळाला काय उत्तर द्यायचं इथपर्यंत. गाठ त्यांना आठ महिन्यांपूर्वीच लागली होती. दुखत नव्हती, म्हणून आणि सांगायची लाज वाटली म्हणूनही त्या गप्प राहिल्या. आंघोळीनंतर पाठीला तेल लावताना ती सुनेच्या हाताला लागली, तेव्हा कुठे प्रकरण डॉक्टरांपर्यंत गेलं. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

एका दिवसात या कर्त्या बाईचं लहान मूल झालं. त्या खोलीत आल्या की बोलणं थांबायचं. फोन अंगणात जाऊन घेतले जायचे. ‘साधी गाठ आहे, मुंबईला जाऊन काढून टाकू,’ एवढंच त्यांना सांगण्यात आलं. मुलगा वाईट नव्हता. उलट आईवर जीव असलेला होता. ‘हे ऐकून तिनं हाय खाल्ली तर?’ ही त्याची खरी भीती होती. असल्या भीतीपोटी किती घरांत असंच केलं जातं, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

मुंबईला परळच्या रुग्णालयाच्या दारात गाडी थांबली. सासूबाईंनी वर पाटीकडे पाहिलं आणि काही न बोलता उतरल्या. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचं नाव महाराष्ट्रात असं रुळलंय की ‘टाटाला नेलं’ म्हटल्यावर कशासाठी, हे कुणी विचारत नाही. दिवसभर त्या तपासण्यांच्या रांगांत मुकाट बसल्या. रात्री लेकीच्या घरी डोंबिवलीला पोहोचल्यावर (तिला आता सांगावंच लागलं होतं) लुगड्याची घडी घालता घालता त्या सुनेला म्हणाल्या, ‘‘टाटात आणता आणि साधी गाठ म्हणता. मला काय वाचता येत नाही?’’

सुनेला काही सुचेना. सासूबाईंनीच पुढे विचारलं, ‘‘तो फार घाबरलाय का गं?’’

म्हणजे गेले दहा दिवस त्यांनाही कल्पना होती. मुलगा आईला जपायचा म्हणून बोलत नव्हता आणि आई मुलाला जपायचं म्हणून विचारत नव्हती. दोघंही रात्री जागेच, मधे फक्त एक भिंत.

कुणापासून लपवायचं आणि किती दिवस?

कर्करोगाचा उपचार एका टाक्याचा नसतो. शस्त्रक्रिया, किमोथेरपी, किरणोपचार असं मिळून सहा-आठ महिने सहज जातात. केस गळणार, तोंड येणार, आजूबाजूच्या खाटांवर हाच आजार झालेली माणसं असणार, भिंतीवरच्या तक्त्यांवर नाव लिहिलेलं असणार. इतके दिवस ‘साधी गाठ’ कशी पुरणार? शिवाय शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर सही रुग्णाची लागते. माणूस शुद्धीवर आहे, समजतं-उमजतं आहे, तर कशाला होकार देतोय हे कळण्याचा पहिला हक्क त्याचाच. स्तन काढायचा की फक्त गाठ, हा निर्णय मुलानं आणि जावयानं रुग्णालयाच्या उपाहारगृहात बसून घ्यावा, ही कल्पनाच विचित्र आहे.

लेकीपासून लपवणं तर धोक्याचं होतं. बहुतेक स्तनकर्करोग आनुवंशिक नसतात, हे खरं. पण आईला हा आजार झाला असेल तर मुलीचा धोका काही प्रमाणात वाढतो, आणि तिनं स्वतःच्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगून तपासणी केव्हापासून आणि कशी करायची ते विचारायला हवं. माहीतच नसेल तर ती विचारणार कशी? आई रडेल की मुलगी रडेल या हिशेबात ही गोष्ट फलटणच्या घरात कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

आता सांगायचं म्हणजे अहवाल समोर धरून वाचून दाखवायचा असं नाही. आधी विचारावं. ‘‘आई, तुम्हाला काय वाटतं, हे काय असेल?’’ वयस्क माणसांना बहुधा आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. मग विचारावं, ‘‘डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का?’’ काही जण म्हणतात, ‘तुम्ही बघा बाबा, मला नका सांगू.’ तोही त्यांचा हक्कच. पण तसं त्यांनी स्वतः म्हटलेलं असलं पाहिजे, आपण परस्पर ठरवलेलं नव्हे. ऐकायचं असेल तर एका बैठकीत सगळं सांगण्याची घाई नको. आज आजाराचं नाव, उद्या उपचार, खर्चाचं परवा. सांगताना जीभ अडखळत असेल तर डॉक्टरांनाच विनंती करावी. आणि ‘काही होणार नाही’ असं छातीठोक सांगू नये. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं बोललं की म्हातारं माणूस ते लगेच ओळखतं आणि पुढच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

त्या रात्री सुनेनं सासूबाईंना कर्करोग हा शब्द सांगितला. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी चहा मागितला. मुलानं धरलेली हाय वगैरे काही त्यांनी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दुपारी पदरात तोंड घालून त्या रडल्या, लेक आणि सून दोघी जवळ बसल्या. कुणी ‘रडू नका’ म्हटलं नाही, हे फार बरं झालं.

डॉक्टरांसमोरची खुर्ची

वयस्क रुग्णाला घेऊन गेलं की एक प्रकार हमखास घडतो. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मुलगा बसतो, आई मागच्या बाकावर. डॉक्टर मुलाशी हिंदी-इंग्रजीत बोलतात, मुलगा मान डोलावतो, आणि बाहेर आल्यावर आईला सांगतो, ‘‘बरं म्हणाले.’’ दहा मिनिटांच्या बोलण्याचं दोन शब्दांत भाषांतर! पुढच्या भेटीला सुनेनं सासूबाईंना त्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरांना मराठीतून सांगण्याची विनंती केली. स्वतः मागे वही घेऊन उभी राहिली.

वहीत प्रश्न आदल्या रात्रीच लिहिलेले होते. आजार कोणत्या टप्प्यावर आहे? उपचाराचा हेतू तो पूर्ण बरा करण्याचा आहे की आटोक्यात ठेवण्याचा? काय आधी, काय नंतर? मधुमेहाच्या गोळ्यांचं काय? यातलं काय घराजवळ होऊ शकतं? आणखी एक प्रश्न घरच्यांच्या डोक्यात येत नाही, तो म्हणजे गाठीच्या तुकड्यावर केलेल्या विशेष तपासण्यांचा. स्तनाच्या कर्करोगात गाठ इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसली जाते का, आणि तिच्यात हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, हे पाहतात. औषधं कोणती लागतील हे बऱ्याच अंशी यावर ठरतं. एखादीला फक्त शस्त्रक्रिया आणि रोजची गोळी पुरते, दुसरीला किमोथेरपी लागते. म्हणून ‘शेजारच्या काकूंना आठ इंजेक्शनं दिली, आपल्याला सहाच का?’ या तुलनेला अर्थ नसतो.

सगळे प्रश्न संपल्यावर डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, ‘‘तुम्हाला काही विचारायचंय?’’ त्यांनी विचारलं, ‘‘आषाढीच्या आधी माउलींची पालखी येते आमच्या गावात. दिंडी उतरते आमच्या अंगणात. तोवर मी उभी राहीन का?’’

मुलगा बघतच राहिला. त्याच्या वहीत खर्च होता, टक्केवारी होती, दिंडी नव्हती. वीस-पंचवीस वर्षं वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढणाऱ्या बाईच्या मनात सगळ्यात वर काय आहे, हे तिला विचारल्याशिवाय कसं कळणार होतं? डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दिनदर्शिका ओढली आणि तारखा मोजल्या.

याच सुमारास नातेवाइकांकडून दोन सल्ले आले, ते प्रत्येक घरी येतात. पहिला, ‘या वयात आता कशाला छळता?’ नुसत्या वयाच्या आकड्यावर उपचार नाकारण्याचं कारण नसतं. हृदय, मूत्रपिंड, साखर, माणूस स्वतःचं स्वतः किती करतो, हे सगळं तपासून डॉक्टर औषधाची जात आणि मात्रा ठरवतात. पण छळ वाटतोय की नाही, हे ज्याला सोसायचंय त्यानं म्हणावं. चुलत दिरांनी परस्पर म्हणू नये. दुसरा सल्ला चूर्णाचा. अमक्या गावी एक जण आहे, चीरफाड न करता गाठ विरघळवतो. दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत जरूर घ्यावं, त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र चूर्ण खात तीन महिने काढले तर गाठ तीन महिने थांबून राहत नाही. आणि कुणी काढा, भस्म, पानांचा रस असं काही घेतच असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. किमोथेरपीच्या औषधांबरोबर त्याचा यकृतावर, रक्तावर काय परिणाम होईल सांगता येत नाही.

पैसा आणि पल्ला

फलटण ते परळ हा पल्ला लहान नाही. दर वेळी मुंबईच गाठायची गरज आहे का, हे विचारल्यावर वाट निघाली. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मुंबईत, आणि मधली किमोथेरपी त्याच आराखड्यानुसार पुण्यात. देशातली अनेक कर्करोग केंद्रं २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात एकमेकांशी जोडली गेली आहेत. उपचारांच्या समान पद्धती ठरवणं हा त्यामागचा एक हेतू आहे. विदर्भातल्यांना नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, सोलापूर-धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, गुजरातेतल्या मराठी घरांना अहमदाबाद, कर्नाटकातल्यांना बंगळुरूचं किडवाई अशी जवळची केंद्रं आहेत. मुंबईला जाणं म्हणजेच खरा उपचार, असं काही नाही.

पैशाचं बोलणंही आईपासून चोरून चाललं होतं. मुलगा जमिनीचा तुकडा विकायच्या गोष्टी करत होता. सासूबाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘माझी ठेव आहे ना बँकेत, ती काय मी वर घेऊन जाणार?’’ सुदैवाने ठेवीला फारसा हात लागला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं आणि त्यावरच्या नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण दिलं जातं. त्यासाठी आधार कार्डावरून वेगळं ‘वय वंदना’ कार्ड काढावं लागतं. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. फक्त आपल्या रुग्णालयात योजना चालते का आणि आपल्या उपचाराला लागू आहे का, हे उपचार सुरू होण्याआधी विचारावं, बिल हातात पडल्यावर नव्हे. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, पण तिथे जायला मध्यमवर्गीय माणसाला संकोच वाटतो. तो सोडावा. निवाऱ्यापासून औषधांच्या मदतीपर्यंत बरीच माहिती तिथेच मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असल्याच रुग्णांना आसरा देत आली आहे.

रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. उपचाराला जाताना-येताना कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि वातानुकूलित तीन-स्तरीय डब्यात पूर्ण भाडेसवलत मिळते, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा नमुना मात्र हवा. मुंबईच्या लोकलमध्येही दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो.

या सगळ्या कागदांची सुनेनं एक फाइल केली. तारखेनुसार अहवाल, गोळ्यांची यादी, फोन नंबर. मूळ अहवाल आत, झेरॉक्स वर. ती फाइल कुणी धरायची? पहिले काही दिवस मुलाच्या बॅगेत होती. मग सासूबाईंनी ती आपल्या कापडी पिशवीत घातली, पानाच्या डब्याशेजारी, आणि ती तिथेच राहिली.

घरातले दिवस

शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली. स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. जखमेतून येणारं पाणी साठवणारी बाटली गळ्यात अडकवून सासूबाई घरभर फिरल्या. ते पाणी किती आलं हे मोजून लिहायचं काम नातवानं स्वतःहून घेतलं. हात वर जावा म्हणून भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम असतो, त्याच्या खुणा अजून माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं आहेत. जखम भरल्यावर सुनेनं चोळीला आतून कप्पा शिवला आणि त्यात मऊ कापडाची गादी बसवली. हे दोघींत बंद दाराआड झालं, आणि घरच्या पुरुषांना त्याची गरज नव्हती.

एप्रिलच्या मध्यापासून किमोथेरपी. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा. घरच्यांनी यातली एक गोष्ट तरी पक्की ध्यानात ठेवावी, ती म्हणजे ताप. औषध दिल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात आणि जंतूंशी लढायची ताकद उरत नाही. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर ‘एक क्रोसिन देऊ, सकाळी बघू’ हे चालत नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी रुग्णालयाला फोन करून निघायचं. दुसऱ्या किमोनंतर सासूबाईंना असा ताप आला. त्या म्हणत होत्या, ‘उगाच कशाला झोपमोड?’ सुनेनं ऐकलं नाही. पुण्यात चार दिवस शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागली. गोळीवर भागवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार त्या घरात कुणी मोठ्यानं करत नाही.

मधुमेह असलेल्यांचं आणखी एक. उलटी होऊ नये म्हणून किमोथेरपीबरोबर बऱ्याचदा स्टेरॉइड दिलं जातं आणि त्यानं दोन-तीन दिवस साखर उसळते. मधुमेहाच्या डॉक्टरांना तारखा आधी कळवलेल्या बऱ्या.

जेवणाबाबत मात्र घरच्यांनी थोडं कमी शहाणपण दाखवावं. मोबाइलवर रोज नवं पथ्य येतं. कुणी म्हणतं दूध बंद, कुणी म्हणतं फक्त रस द्या. उपचार सोसायला अंगात ताकद लागते, आणि त्यासाठी डाळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, मासे हेच लागतं. एकादशीचा कडक उपास या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अन्न ताजं, शिजवलेलं असावं. भूक नसताना भरलेलं ताट समोर ठेवलं की माणूस आणखी मिटतो. त्यापेक्षा दर दोन तासांनी वाटीभर मुगाची खिचडी, ताकातली भाकरी. तोंड आलं की तिखट बंद आणि कोमट पाण्यात मीठ-सोडा घालून गुळण्या. सासूबाईंना त्या दिवसांत फक्त ज्वारीची आंबील गोड लागायची. मग आंबील तर आंबील.

आणि ताट-वाटी वेगळी ठेवू नये! कर्करोग शिवल्यानं, उष्ट्यानं पसरत नाही. बाहेरून दिलेल्या किरणोपचारानंही रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. आजीच्या मांडीवर पणतू बसला तर काही बिघडत नाही. तापाची किंवा सर्दी-खोकल्याची पोरं तेवढी दूर ठेवावीत, आणि ती आजीच्या भल्यासाठी. वेगळ्या काढलेल्या पेल्यानं माणसाला जे होतं, त्यावर कुठल्याच रुग्णालयात औषध नाही.

केस दुसऱ्या किमोच्या आसपास गेले. सुनेनं भीत भीत टोपीचा विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘पदर कशाला आहे डोक्यावर?’’

भेटायला येणाऱ्यांवर खरं तर वेगळा लेख होईल. आजारी माणसाला बघून येणं हे आपण कर्तव्य मानतो. पण आल्यावर ‘आमच्या मामेसासूबाईंनाही हेच होतं, सहा महिन्यांत गेल्या बिचाऱ्या’ ही कहाणी सांगायची काही गरज असते का? शिवाय आल्यागेल्याचा चहा कुणाला करावा लागतो? ज्या शेजारणीनं न विचारता आठवड्यातून दोनदा भाकऱ्यांची चवड आणून दिली आणि दारातूनच परत गेली, तिची आठवण त्या घरात अजून निघते.

पालखी

डॉक्टरांनी तारखा मोजून सांगितलं होतं, तशी पालखी नेमकी किमोनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. तेव्हा पेशी पुन्हा वर यायला लागतात. आदल्या दिवशी रक्त तपासलं, डॉक्टरांना फोन केला. गर्दीत उतरायचं नाही, अंगणात बसायचं नाही, वरच्या गॅलरीत तोंडाला मास्क लावून बसायला हरकत नाही, असं उत्तर आलं. भाकऱ्या सून, लेक आणि शेजारणींनी थापल्या. पिठल्यात मीठ किती ते वरून विचारून झालं. दिंडीच्या विणेकऱ्यांनी खालूनच हात जोडले. सासूबाईंनी वरून जोडले. लेक नंतर म्हणाली, आईला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ओरडताना ऐकलं, ‘‘अगं, त्या माउलीच्या पानात ठेचा वाढ की!’’

सुनेचं काय?

या सगळ्यात सून पाच किलोनं उतरली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते सासूबाईंच्याच. ‘‘हिलाही जरा डॉक्टरकडे न्या,’’ असं त्यांनी मुलाला सुनावलं. आजारपणात घरातली एक बाई गृहीत धरली जाते. मुलगा पैसे भरतो, गाडी चालवतो, आणि आपलं काम झालं असं त्याला मनापासून वाटतं. रात्री उठणं, बादली धुणं, गोळ्या मोजणं यांत त्याचा वाटा असायला काय हरकत आहे? त्यानंतर मंगळवार-शुक्रवारच्या रात्री मुलाकडे आल्या. सुरुवातीला आईलाच संकोच वाटला, मग सवय झाली. कितीतरी वर्षांनी त्या मायलेकांना रात्री तासभर बोलायला मिळालं, आणि त्यातच एकदा त्यानं जिन्यातल्या त्या फोनबद्दल तिला सांगून टाकलं.

ऑगस्टमधल्या किरणोपचारासाठी सासूबाई तीन आठवडे लेकीकडे राहिल्या. आठवड्यातले पाच दिवस, रोज थोडाच वेळ. त्वचेवरच्या खुणा आंघोळीत घासून काढायच्या नाहीत, तिथे तेल-हळद लावायची नाही, एवढी पथ्यं. मधल्या काळात लेकीनं स्वतःची मॅमोग्राफी करून घेतली. तिचा अहवाल ठीक आला.

वेदनेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वयस्क माणसं ती गिळतात. ‘किती दुखतंय?’ असं विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘रात्री झोप लागली का, कूस बदलता आली का?’ असं विचारावं. वेदनाशमन आणि परिहार सेवा म्हणजे शेवट जवळ आला असा अर्थ नाही. उपचार चालू असतानाही ती घेता येते. मॉर्फिनसारख्या औषधाची वाट २०१४ च्या कायदादुरुस्तीनं पुष्कळ सोपी झाली आहे आणि डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेतलं तर व्यसन लागेल म्हणून ते नाकारायचं कारण नाही. आजार हाताबाहेर गेलेला असेल, तेव्हा तर कुठे राहायचं, काय नको आहे, हे रुग्णाच्या तोंडून ऐकून ठेवणं आणखीच गरजेचं. ते विचारायला उशीर झाला की मग कोपऱ्यात उभं राहून पुन्हा मुलंच ठरवत बसतात.

सासूबाईंची गाठ संप्रेरकांवर पोसणारी निघाली होती. त्यामुळे आता रोज एक गोळी, पाच वर्षं. तिनं हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून कॅल्शियम आणि अधूनमधून हाडांची तपासणी. काही महिन्यांनी एकदा डॉक्टरांची भेट. प्रत्येक भेटीच्या आधीच्या आठवड्यात घर थोडं गप्प असतं. सासूबाई पिशवीतली फाइल काढून कागद लावून ठेवतात.

परवा जेवणानंतर सुनेनं नेहमीसारखं विचारलं, ‘‘आई, गोळी घेतली का?’’

‘‘घेतली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाच वर्षं घ्यायची आहे म्हणे. डॉक्टरांनीच लिहून दिलंय, तेव्हा तोवर तरी तुमची सुटका नाही.’’